पास कुणी दिला? (एन-वर्ड, कारपूल आणि शेजारच्या आजी)

मेधा_डेकेटर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज मात्र डोक्यात भुंगा लागलाय म्हणून टंकतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही अटलांटाला लागून डेकेटरमधे राहतो. लेक १४ वर्षांचा, शाळेच्या बँडमधे ट्रोम्बोन वाजवतो. त्याचा जिवलग मित्र दोन घरं सोडून राहतो, आफ्रिकन-अमेरिकन कुटुंब, त्याला आपण इथे 'जे' म्हणू. प्रॅक्टिसहून आणायची पाळी मंगळवारी माझी असते. तर या मंगळवारी दोघं मागे, फोन ब्लूटूथला जोडलेला, आणि रॅप सुरू. मला त्यातलं अर्धं कळत नाही म्हणून मी लक्षही देत नाही, पण अचानक कानावर आलं की गाण्यातला तो शब्द (एन-वर्ड, म्हणजे काळ्या लोकांसाठीची ती इंग्रजी वंशद्वेषी शिवी, मी इथे पूर्ण लिहिणार नाहीये) दोघंही ठेक्यात म्हणतायत. जे म्हणतोय आणि माझा बंड्याही म्हणतोय, मस्त हात नाचवत.

मी सिग्नलला मागे वळून म्हटलं हे काय? तर जे हसत म्हणाला, "आंटी, इट्स ओके, मी त्याला पास दिलाय." पास म्हणजे बसचा असतो तसा. हा शब्द वापरायचा परवाना, काळ्या मित्राने द्यायचा. शाळेत म्हणे असे पास वाटतात, कुणी कुणी तर कागदावर सही करून.

आता माझा गाढवपणा. जे ला सोडायला गेले तर दारात त्याची आजी. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अलाबामात वाढलेल्या, शाळेत शिकवून रिटायर झाल्या. पहिल्या भेटीत मी इथल्या पद्धतीने त्यांना नावाने हाक मारली तर शांतपणे म्हणाल्या होत्या, "मला मिसेस लावून आडनावाने हाक मारलीस तर आवडेल." मला तेव्हा जरा खडूस वाटल्या होत्या. असो. तर मी तिथेच, अंगणात, सगळं बोलून गेले. मला वाटलं माझ्या मुलाला बोलतील, मी मान खाली घालून तयारच होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. नातवाकडे वळल्या आणि विचारलं, "तू पास वाटतोस? तुझ्याकडे आला कुठून? माझ्या वडिलांना विचारून वाटलास का?" आवाज चढला नाही, पण जे च्या हातातली ट्रोम्बोनची पेटी खाली टेकली.

तेवढ्यात जे चे बाबा बाहेर आले. चाळिशीतले, नव्वदच्या रॅपवर वाढलेले. ते म्हणाले, मॉम, जाऊ दे, मुलं आहेत, आणि तो शब्द आता तो राहिलेला नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी राहिला नसेल." आणि मग आई-मुलाची जी जुंपली ती पुढे माझ्या मुलाबद्दल नव्हतीच. ते भांडण घरात तीस वर्षं चाललेलं असावं असं वाटलं. आम्ही हळूच निघालो.

प्रश्न असा की त्यांच्यातच एकमत नाही तर मी माझ्या मुलाला काय सांगू? "तू म्हणू नकोस" हे सांगून झालंय. तो विचारतोय "का". आणि मुळात ते लोक आपसात का म्हणतात यावर नीट उत्तर माझ्याकडे नाही.

कोकणकडा

फोन काढून घ्या आठवडाभर. विषय संपला.

सडेतोड

मला हा दुटप्पीपणा कधीच कळलेला नाही. एवढा वाईट शब्द आहे ना, मग गाण्यात घालू नका. गाणी विकायची जगभर, पैसे घ्यायचे सगळ्यांकडून, आणि कुणी सोबत गुणगुणलं की गळा धरायचा. केंड्रिक लमार या काळ्या रॅपरने एका पोरीला स्वतःच स्टेजवर बोलावलं, स्वतःचंच गाणं म्हणायला लावलं आणि शब्द आला तसा म्हणाली तर गाणं थांबवून झापलं. शब्द सगळ्यांना बंद नाहीतर सगळ्यांना खुला. सिंपल.

साळुंकी

@सडेतोड, ती घटना २०१८ ची, अलाबामामधल्या एका फेस्टिव्हलची. पोरगी गोरी होती. आणि तुम्ही म्हणताय तसं त्या वेळी तिकडेही कित्येक जण म्हणाले की बोलावलंच कशाला, सापळाच झाला की तो. म्हणजे तुमचा तो मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

पण "सगळ्यांना बंद नाहीतर सगळ्यांना खुला" हे आपल्याकडे तरी कुठे चालतं हो? माझी कोल्हापूरची आत्याआजी दारात भाच्याला बघून म्हणायची, "रांडंच्या, कवा आलास? वाळलास की रं." तो खूश, पाया पडायचा. तेच वाक्य तुम्ही त्याला एसटी स्टँडवर म्हणून दाखवा बरं. दात हातात येतील. शब्द तोच. नातं वेगळं.

ता-नेहिसी कोट्स म्हणून लेखक आहेत, त्यांना २०१७ मधे एका कार्यक्रमात शाळकरी मुलीनेच हा प्रश्न विचारला होता, की माझे गोरे मित्र गाण्यात म्हणतात, मी काय सांगू. त्यांचं उत्तर साधारण असं की माझी बायको मैत्रिणींमधे एकमेकींना ज्या शब्दाने हाक मारते तो मी तिथे जाऊन वापरत नाही, मला वापरायची इच्छाही होत नाही. आणि पुढे म्हणाले की रॅप आवडणाऱ्या गोऱ्या पोराला एक शब्द म्हणता येत नाही हा त्याच्यासाठी चांगला अनुभव आहे, इतरांना जे करता येतं ते आपल्याला करता येत नाही हे काळ्या माणसाला रोजच कळतं. तुमच्या लेकाच्या "का" ला हे उत्तर चालेल बघा.

बेरकी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टिपकागद

साळुंकी, रांडेच्या ची तुलना गोड आहे पण तोकडी आहे. रांडेच्या म्हणत कुणाला लिलावात विकलेलं नाही, झाडाला टांगलेलं नाही.

मेधाताई, त्या आजी 'मिसेस' वर अडून बसल्या ते खडूसपणामुळे नाही. मार्टिन ल्युथर किंग यांनी १९६३ मधे बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं त्यात एक लांबच लांब वाक्य आहे, थांबा म्हणून सांगणाऱ्या पाद्र्यांना उद्देशून. त्यात ते म्हणतात की जेव्हा तुमचं पहिलं नाव हा शब्द होतो, मधलं नाव 'बॉय' होतं मग तुम्ही कितीही म्हातारे असा, आडनाव 'जॉन' होतं आणि तुमच्या बायकोला नि आईला कुणी कधी 'मिसेस' लावत नाही. बर्मिंगहॅम अलाबामातलंच. तुमच्या शेजारीणबाई तेव्हा शाळेत असतील. त्यांच्या आईला दुकानदार नावाने हाक मारत असणार आणि वडिलांना काय म्हणत असणार ते त्यांनी तुम्हाला अंगणात सांगितलंच की, "माझ्या वडिलांना विचारून वाटलास का".

आता आपसात का म्हणतात. दोन पक्ष आहेत आणि दोन्ही जुने आहेत. एका पक्षाचं म्हणणं, शत्रूच्या हातातली काठी हिसकावून घेतली की ती काठी आपली. भाषेच्या अंगाने बघितलं तर त्यांच्या बोलीत शेवटचा 'र' गळतोच, त्यामुळे 'अर' वाला शब्द मालकाचा आणि 'अ' वाला आपला, भावासारखा, यारासारखा, अशी विभागणी झाली. रॅपर टुपाकने तर त्या अक्षरांची फोड करून चांगला अर्थ बसवला होता. दुसरा पक्ष म्हणतो काठी हिसकावली म्हणता, पण मारताय कुणाला? एकमेकांनाच ना? लेखिका माया अँजेलो म्हणायच्या की विषाच्या बाटलीवर विष लिहिलेलं असतं, ते उंची काचेच्या पेल्यात ओतलं तरी विषच.

दुसऱ्या पक्षाने तर शब्दाची अंत्ययात्रा काढली होती, खरोखरची. ९ जुलै २००७, डेट्रॉइट. एनएएसीपी चं, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेचं, अधिवेशन भरलं होतं, घोडागाडीत पाइनच्या लाकडाची शवपेटी, तीवर काळी गुलाबं, मागे जमाव, शहराच्या महापौरांचं भाषण. याच संघटनेने याच शहरात १९४४ मधे जिम क्रो चं, म्हणजे वंशभेदाच्या कायद्यांचं, असंच प्रेत काढलं होतं. ते कायदे पुढे वीस वर्षांनी खरंच मेले. शब्दाचं मात्र वर्षही सरलं नाही तोच नॅस या रॅपरने आपल्या आख्ख्या अल्बमला तेच नाव द्यायचं जाहीर केलं, ओरड झाली, आणि २००८ च्या जुलैमधे तो अल्बम बिननावाचा बाजारात आला.

अवांतर: एनएएसीपी च्या स्वतःच्या नावात 'कलर्ड पीपल' आहे. १९१० पासून. आज कुणाला तसं म्हणून बघा.

सडेतोड

माहितीपूर्ण प्रतिसाद, धन्यवाद. पण म्हणजे मुद्दा माझाच सिद्ध झाला. त्यांच्यातल्या शहाण्या लोकांनाही तो शब्द नको आहे.

भटक्या७७

शहाण्या लोकांचं सांगू नका हो. २००६ च्या नोव्हेंबरमधे मायकेल रिचर्ड्स या गोऱ्या विनोदी नटाने लॉस एंजेलिसच्या क्लबात प्रेक्षकांवर भडकून त्या शब्दाची सरबत्ती केली. त्यानंतर काळ्यांचे नेते जेसी जॅक्सन पुढे आले, कलाकारांनो हा शब्द सोडा म्हणाले. पॉल मूनी, जो आयुष्यभर त्याच शब्दावर विनोद करत आला, दात पांढरे राहावे म्हणून रोज सकाळी शंभरदा म्हणतो असं सांगायचा, त्यानेही सोडला. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने २००७ मधे प्रतीकात्मक बंदीचा ठराव केला, प्रतीकात्मक म्हणजे दंड नाही नि काही नाही. आणि २००८ च्या जुलैमधे टीव्हीच्या स्टुडिओत माइक चालू आहे हे लक्षात न आल्याने खुद्द जॅक्सनसाहेबच ओबामांबद्दल चिडून बोलताना तो शब्द बोलून गेले. माफी मागितली नंतर. मला यात ढोंगापेक्षा सवय दिसते. जिभेवर बसलेलं ठरावाने उतरत नाही.

पण खरा किस्सा रिचर्ड प्रायरचा. हा माणूस विनोदाचा बादशहा, १९७४ च्या अल्बमच्या नावातच तो शब्द आणि त्याला ग्रॅमी. त्याचं म्हणणं होतं की मी इतक्यांदा म्हणतो की शब्दाची धारच जाते. १९७९ मधे तो केनियाला गेला. नैरोबीच्या हॉटेलात लॉबीमधे बसला होता, इकडेतिकडे बघतोय. दार उघडणारा काळा, हिशेब ठेवणारा काळा, साहेब काळा, वर्दीतला काळा. आणि त्याला आतून कुणीतरी विचारल्यासारखं झालं, इथे तुला काय दिसतंय? 'ते' दिसतायत का? नाही. का नाही? कारण इथे 'ते' कुणी नाहीतच. तीन आठवडे झाले होते आणि त्याने तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता, मनातसुद्धा. पुढे १९८२ च्या कार्यक्रमात त्याने हे स्टेजवर सांगितलं आणि परत कधी कुठल्या काळ्या माणसाला तसं म्हणणार नाही म्हणाला. प्रेक्षकांतले काही जण नाराज झाले, आमचा जुना प्रायर परत द्या म्हणून.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं की तो शब्द त्यांनी बनवलेलाच नाही हे कळायला त्याला अमेरिकेबाहेर जावं लागलं.

साळुंकी

+१, काय लिहिलंय. विनोदवीर क्रिस रॉकचंही असंच ना? त्याचा १९९६ चा तो गाजलेला तुकडा, आमच्यातले चांगले विरुद्ध आमच्यातले 'ते'. नंतर बंद केला त्याने, कारण म्हणे वंशद्वेषी लोकांना वाटायला लागलं की आता आपल्यालाही म्हणायची परवानगी मिळाली. म्हणजे पासच झाला की तो, न देता वाटला गेलेला.

हडसनकाठचा

जर्सीतून. मी मॅनेजर आहे म्हणून ऑफिसच्या बाजूने सांगतो, मुलांना आत्ताच सांगा. २०१३ मधे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एक खटला झाला, ईस्ट हार्लेममधली रोजगार मिळवून देणारी संस्था, बॉस काळा आणि कर्मचारी बाईही काळी. त्याने तिला चार मिनिटं फैलावर घेताना तो शब्द वापरला, तिने गुपचूप रेकॉर्ड केलं. त्याचा बचाव हाच, की आमच्यात हा शब्द मायेनेही वापरतात. ज्युरीने ऐकलं नाही, २,५०,००० डॉलर भरपाई आणि वर ३०,००० दंडात्मक. म्हणजे "आपसात चालतं" हेही सरसकट खरं नाही, आपसात कोण, कुठे आणि कुणावर चिडून, हे लागतंच.

उलटंही झालंय. २०१९ मधे विस्कॉन्सिनच्या एका शाळेत काळ्या सुरक्षारक्षकाला एक विद्यार्थी तो शब्द म्हणत होता, रक्षक म्हणाला मला तो शब्द म्हणू नकोस, पण हे सांगताना त्याने शब्द उच्चारला. काढलं नोकरीवरून! पोरं वर्ग सोडून मोर्चाने निघाली तेव्हा परत घेतलं.

बेरकी

मग ज्याने पास दिला त्याचा पास एक्स्पायर कधी होतो? रिन्यूअल फी किती? 😄

आणि मुंबईतले काही रॅपर पण म्हणतात तो शब्द, त्यांना पास कुणी दिला, आरटीओने?

अ‍ॅडमिन

@बेरकी, विषय नाजूक आहे, टवाळी आवरा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. शब्द पूर्ण लिहू नये.

निळं_आभाळ

नागपूरहून. मी सहसा असल्या धाग्यावर लिहीत नाही कारण तिसऱ्या प्रतिसादात कुणीतरी आरक्षण काढतं. पण आजींनी आधी स्वतःच्या नातवाला विचारलं हे वाचून थांबलो.

आमच्या वस्तीत कॅरम चालायचा. आम्ही पोरं आपसात जातीच्या नावाने एकमेकांची खेचायचो, ज्या नावाने गावाकडे आमच्या आज्याला हाक मारायचे त्याच नावाने. सोंगटी गेली की हाणला शब्द. एक मित्र बाहेरचा, दुसऱ्या जातीचा, चांगला पोरगा, रोज यायचा, आमच्या घरी जेवायचा. एक दिवस त्याने क्वीन घेतली आणि तोही बोलून गेला, अगदी आमच्याच सुरात. स्ट्रायकर बोर्डवर तसाच राहिला. कुणी काही बोललं नाही. त्याला कळलं, तो लाल झाला. पण वरच्या गॅलरीतून माझ्या बापाने ऐकलं होतं. खाली उतरला आणि मला कानाखाली दिली. त्याला नाही, मला. म्हणाला, "त्याले शिकवलं कोनं?"

तेव्हा मला बापाचा राग आला होता. आज वाटतं बाप बरोबर होता, पण पूर्ण बरोबर होता असंही वाटत नाही. कारण आम्ही ते म्हणायचो तेव्हा आम्हाला काहीतरी हलकं वाटायचं, भीती गेल्यासारखं. ते खोटं नव्हतं.

आता एक गोष्ट जी वर कुणी लिहिली नाही. लोक पटकन म्हणतात की त्यांचा एन-वर्ड म्हणजे आपला 'दलित', त्यांनी परत मिळवला तसा यांनी. चूक आहे. 'दलित' ही शिवी नव्हतीच, तो आमच्या लोकांनी निवडलेला शब्द आहे, दुसऱ्याने दयेने दिलेला 'हरिजन' नको म्हणून. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नावातला पँथर अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतला आणि दलित आपला. त्याच्या जोडीला बसतो तो 'ब्लॅक', एन-वर्ड नाही. साठच्या दशकाआधी तिथे सभ्य शब्द 'नीग्रो', 'कलर्ड'. कुणाला 'ब्लॅक' म्हणणं म्हणजे भांडण काढणं. १९६६ ला चळवळीतल्या स्टोकली कारमायकेलने मिसिसिपीत 'ब्लॅक पॉवर' ची हाक दिली, १९६८ ला जेम्स ब्राऊनने काळा आहे, अभिमान आहे असं जोरात म्हणा म्हणून गाणं केलं, आणि दहा वर्षांत शब्द फिरला. इतका फिरला की आज तुम्ही आम्ही बिनधास्त लिहितो. तो सगळ्यांना वापरता येतो हीच त्याच्या जिंकण्याची खूण. एन-वर्डचं तसं झालेलं नाही, आणि ज्यांनी तो घेतला त्यांना तसं व्हायला नकोच आहे. तो घराच्या आतलाच राहायला हवा. म्हणून दोन्हीला एकच 'परत मिळवणं' म्हणू नये असं माझं मत.

बाकी आमच्याकडेही 'दलित' नको, 'बौद्ध' म्हणा, 'आंबेडकरी' म्हणा असं म्हणणारे खूप. माझा बाप त्यातलाच. २०१८ ला सरकारने चॅनेलवाल्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणा असं कळवलं तेव्हा मी चिडलो होतो आणि बाप म्हणाला बरं झालं. एकाच घरात.

टिपकागद

निळं_आभाळ, ब्लॅक चा मुद्दा डोक्यात आला नव्हता. धन्यवाद.

सडेतोड

चांगला प्रतिसाद. मी "सगळ्यांना बंद" म्हणत होतो ते थोडं मागे घेतो. थोडंच.

साळुंकी

एक राहवत नाही म्हणून. आपण इथे एन-वर्डवर एवढं बोलतोय, पण अमेरिकेतल्या किती मराठी घरात "काळे", "काळ्या" सर्रास चालतं? "तो एरिया काळ्यांचा आहे, घर घेऊ नका." डॅरेन सॅमीने २०२० मधे सांगितलं होतं ना, आयपीएल खेळताना त्याला नि थिसारा परेराला 'काळू' म्हणायचे, त्याला वाटायचं दमदार घोडा वगैरे अर्थ असेल, तो आपला हसायचा. खरा अर्थ नंतर कळला. तिथे मायेने म्हणत होतो हाच बचाव होता.

मेधा_डेकेटर

सगळ्यांचे आभार, रात्री जागून वाचलं. साळुंकी, तुझा शेवटचा प्रतिसाद वाचून नवऱ्याला दाखवला कारण परवाच लेकाने विचारलं, "तुम्ही आज्जीशी फोनवर बोलताना जे च्या घरच्यांना काय म्हणता ते त्यांना कळलं तर?" आम्ही दोघं गप्प. आमच्याकडे तेवढा शब्द त्या रात्रीपासून बंद झालाय, सासूबाईंना मात्र अजून समजावतोय, त्या म्हणतात अगं काळ्याला काळा नाही तर काय म्हणायचं.

कारपूल चालू आहे. या मंगळवारी दोघांनी आपणहून गाण्याची रेडिओवाली आवृत्ती लावली, ज्यात तो शब्द आला की आवाज गायब होतो. मजा अशी की त्या रिकाम्या जागेत लेक डॅशबोर्डवर थाप मारतो आणि जे ओठ हलवतो, आवाज न काढता. मी आरशातून बघितलं, काही बोलले नाही.

कोकणकडा

आणि आई-मुलाच्या भांडणाचं काय झालं? ते बाबा काय म्हणाले?

मेधा_डेकेटर

भेटले होते शनिवारी, गवत कापत होते. मी माफी मागितली की माझ्यामुळे तुमच्या घरात वाद झाला. हसले. म्हणाले तो वाद मी सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून आहे, तेव्हा आईने माझी कॅसेट खिडकीबाहेर फेकली होती, चालत्या गाडीतून. मी विचारलं मग आता कसं करता? म्हणाले, "ती घरात असली की नाही म्हणत. गॅरेजमधे म्हणतो." आणि मशीन परत चालू केलं.